प्रेस बॉक्सच्या बाहेर: वानखेडे, नेरूळ आणि लाल माती

क्रीडा पत्रकाराला मैदानातली सगळ्यात चांगली जागा फुकट मिळते, असा लोकांचा समज आहे. मिळते, यात वाद नाही. पण ती बहुतेक वेळा काचेआड असते, आत एसी चालू असतो, आणि रात्रीच्या सामन्याला अंक छपाईला सोडायची वेळ गाठायची म्हणून शेवटच्या दहा षटकांत आपली मान लॅपटॉपमध्ये असते. सामना दिसतो, पण ऐकू येत नाही. नोकरी संपल्यावर मी तिकीट काढून किंवा सतरंजी अंथरून सामने बघायला लागलो. माझं ठाम मत झालंय की सामना लक्षात राहतो तो आपण कुठे बसलो होतो त्यावर. पुढचं सगळं त्या जागेबद्दल आहे, आणि तिथे पोहोचण्याच्या खटाटोपाबद्दल.

सुरुवात वानखेडेपासून, कारण सगळे तेच विचारतात. २ एप्रिल २०११ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाणेफेक दोनदा झाली. गर्दीचा आवाज एवढा होता की श्रीलंकेचा कर्णधार संगकाराने काय मागितलं ते सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकूच आलं नाही. प्रेस बॉक्समध्ये आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो, कारण काचेमागे त्या आवाजाचा अंदाजच येत नव्हता. पुढे मलिंगाने दुसऱ्याच चेंडूवर सेहवागला पायचीत केलं, सचिन १८ वर गेला, गंभीर मातीने माखलेल्या कपड्यांत ९७ पर्यंत पोहोचला, आणि ४९व्या षटकात धोनीने कुलसेकराला षटकार मारला. तो षटकार प्रेस बॉक्समधल्या निम्म्या लोकांनी रिप्लेमध्ये पाहिला, बाकीचे मथळा टाइप करत होते. चेंडू जिथे पडला तिथल्या खुर्च्या मुंबई क्रिकेट असोसिएशनने आता आठवण म्हणून वेगळ्या जपल्या आहेत.

सचिनच्या शेवटच्या कसोटीचं तसं नव्हतं. १६ नोव्हेंबर २०१३, तिसरा दिवस, वेस्ट इंडिज जेवणाच्या आधीच गुंडाळले गेले. सामना म्हणून त्यात काही दम नव्हता, एक डाव आणि १२६ धावांनी एकतर्फी निकाल. दुपारीच सगळं आटोपल्याने आम्हाला वेळ होता आणि बरेच जण काचेच्या बाहेर येऊन उभे राहिले. भाषण संपवून तो पुन्हा खेळपट्टीपर्यंत एकटा चालत गेला आणि वाकून तिला हात लावला, तेव्हा माझ्या शेजारचा एक ज्येष्ठ पत्रकार, ज्याने आयुष्यभर कुणाची स्तुती हात राखूनच केली, वहीत काहीही न लिहिता उभा होता.

वानखेडेला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रेल्वे रुळांच्या बाजूच्या खालच्या मजल्यावर जागा मिळाली तर तिसऱ्या प्रहरापासून ऊन थेट तोंडावर येतं. टोपी न्याच, आणि पर्याय असेल तर समुद्राकडची बाजू घ्या. दुसरं म्हणजे येताना मरीन लाइन्सला उतरलात तरी चालेल, परतताना मात्र चर्चगेटच गाठा. मरीन लाइन्सला गाडी भरूनच येते आणि सामना सुटल्यावर तिथे दारात लटकायलाही जागा नसते. बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, कधी कधी सुटी नाणीसुद्धा गेटवर अडवतात. ठेवायला जागा मिळेल या भरवशावर काही नेऊ नका. मोबाइल, तिकीट, ओळखपत्र आणि थोड्या नोटा, बास.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मी साधा प्रेक्षक म्हणून गेलो तो २ नोव्हेंबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. तीनच दिवस आधी याच मैदानावर उपांत्य सामन्यात जेमिमाने नाबाद १२७ करत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग पुरा केला होता, त्यामुळे तिकिटासाठी झुंबड होती. रविवार होता, म्हणजे हार्बर लाइनवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का ते आदल्या रात्रीच बघून घ्यायचं. मुंबईकराला हे सांगावं लागत नाही, बाहेरगावाहून येणाऱ्याला सांगावं लागतं. नेरूळ किंवा जुईनगरला उतरून चालत जाता येतं. रिक्षाच्या नादी लागू नये, त्या स्टेडियमच्या बऱ्याच अलीकडे सोडतात.

पावसाने सामना तीनऐवजी पाचला सुरू झाला. या मैदानाचं छप्पर मधल्या खांबांशिवाय पुढे आलेलं आहे, त्यामुळे मधे काही आड येत नाही. पण आडवा पाऊस आला की पुढच्या रांगा भिजतात. प्लॅस्टिकचा पातळ रेनकोट खिशात मावतो, छत्री आत सोडत नाहीत. शेफालीच्या ८७ आणि दीप्तीच्या ५८ धावांच्या जोरावर आपण ७ बाद २९८ केल्या. मग दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुलफार्ट खेळत राहिली आणि माझ्या रांगेतले काका दर षटकाला मनातल्या मनात हिशोब करून उसासे टाकत राहिले. तिने शतक पुरं केलं आणि थोड्याच वेळात दीप्तीला उंच मारलं. खाली अमनजोत. चेंडू तिच्या हातातून एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला, आणि मग पकडला गेला. आमच्या बाजूचे बहुतेक लोक हवेतल्या चेंडूकडे बघत होते. दिवे लागल्यावर उंच चेंडू प्रकाशझोतात हरवतो, म्हणून अशा वेळी नजर क्षेत्ररक्षकाकडे ठेवावी. त्याचे पाय सांगतात चेंडू कुठे पडणार ते. ही एक सवय लावून घेतली तर मोठ्या पडद्याची गरज अर्धी होते.

२४६ वर शेवटची विकेट पडली तेव्हा मध्यरात्र झाली होती. माझ्या पुढे सांगलीहून गाडी करून आलेल्या मुलींचा एक गट होता. स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या, आता त्यांचा नाच थांबत नव्हता. बक्षीस समारंभ बघायचा असेल तर शेवटच्या लोकलचा विचार सोडून द्या आणि नेरूळ, सीवूड्स, वाशी भागात कुणा नातेवाइकाकडे आधीच कळवून ठेवा. त्या रात्री गाडी पकडायला निघालेल्यांनी करंडक मोबाइलवर पाहिला.

कबड्डीबद्दल थोडक्यात. ३१ ऑगस्ट २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमाचा अंतिम सामना झाला, जयपूरने मुंबईच्या यू मुंबा संघाला ३५-२४ असं हरवलं. दिवे, संगीत, सगळं झकास. तरी खेळाडूचा दम आणि पंचांची शिट्टी दोन्ही ऐकायची असतील तर लालबाग-परळ-प्रभादेवीच्या एखाद्या मंडळाच्या स्पर्धेत, बोनस रेषेच्या सरळ रेषेत, बाजूला उभं राहावं. मधोमध उभं राहिलं तर पाय रेषेच्या आत होता की बाहेर यावर आयुष्यभर भांडत बसाल.

आता माती. माझ्या मते महाराष्ट्रात राहून ज्याने कुस्तीचं मैदान बघितलं नाही, त्याने अजून प्रत्यक्ष खेळ बघायला सुरुवातच केलेली नाही. गेल्या चैत्रात वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेला गेलो होतो. मैदानाचं पोस्टर आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर फिरतं. त्यात वर देवाचा फोटो, मग पुढाऱ्यांचे, आणि खाली पैलवानांच्या जोडांचे. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा कुस्त्या इनामाच्या रकमेसह. प्रवेश बहुतेक ठिकाणी मोफत. पोस्टरवर "दुपारी ३ वाजता" असतं, ते खरं असतं, पण फक्त लहान मुलांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांसाठी. त्या चुकवू नका. सहा-सात वर्षांची पोरं, बापाने घट्ट बांधलेली लांग, शड्डू ठोकायला हात पुरत नाही, आणि पडल्यावर मुसमुसत लगेच दुसरी जोड मागतात.

मी पोहोचलो तेव्हा जागा भरपूर होती, म्हणून आखाड्याच्या पूर्वेला ऐसपैस बसलो. पागोटं बांधलेले एक आजोबा जवळ आले. "पाव्हणं, ऊन तोंडावर घिऊन कुस्ती बघायची व्हय? पल्याड जावा की." आणि मला उठवून आपल्या शेजारी घेऊन गेले. जागा मोकळी का होती ते तेव्हा कळलं. तर मैदानात पश्चिमेला पाठ करून बसा, हलगीवाल्यांच्या अगदी जवळ नको, पण फार लांबही नको. हलगी आणि घुमक्याचा ठेका कुस्तीबरोबर चढतो, जोड एकमेकांना भिडली की वेग बदलतो. निवेदकाचा कर्णा दुसऱ्या बाजूला असेल तर उत्तम. चांगला निवेदक डाव पडायच्या आधी त्याचं नाव घेतो, आणि त्यातूनच नवखा माणूस शिकतो: हा ढाक, ही मोळी, ही समोरची टांग.

आजोबा निवेदकाच्याही आधी सांगायचे. तीन नंबरच्या कुस्तीत एक सावळा, बुटका पोरगा खाली पालथा पडून मातीला चिकटून होता आणि वरचा त्याच्यावर स्वार झालेला. पाच-सात मिनिटं काहीच होईना. लोक ओरडायला लागले. वरच्याने मूठभर माती उचलून खालच्याच्या घामेजल्या पाठीवर टाकली, पकड घसरू नये म्हणून. आजोबा पुटपुटले, "आता एकचाक मारतंय बघा." खालच्याच्या पायात त्याने आपला पाय अडकवला, अंग आडवं टाकलं, आणि खालच्याचे दोन्ही खांदे मातीला लागले. पंचांनी हात वर केला, आणि आजोबांनी कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढून जिंकलेल्या पोराच्या हातात द्यायला आखाड्याकडे धाव घेतली. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं.

मॅटवर गुणांनी निकाल लागतो, मातीतल्या मैदानात लोकांना चीतपट हवी असते. वेळ संपली की गुणांवर सोडवायची पद्धत आता मातीतही आली आहे, पण गुणांवर जिंकलेल्याचा फेटा जरा सैलच बसतो. महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभाग असतात आणि मातीचा विजेता व मॅटचा विजेता यांच्यात गदेसाठी लढत होते. तिथे जायचं ठरवलंत तर शेवटच्या दिवसापेक्षा आधीच्या दोन दिवसांना जा. वजनी गटांच्या कुस्त्या जवळून बघता येतात, आणि शेवटच्या दिवशी मंडप मंत्र्यांच्या ताफ्यांनी भरलेला असतो.

गावच्या मैदानातही एक नंबरच्या कुस्तीकडून फार अपेक्षा ठेवू नका. दोघेही नामांकित, दोघांच्याही पुढे अख्ख्या मोसमाच्या जोडी, त्यामुळे दुखापत कुणालाच नको असते. वीस मिनिटं खडाखडी, म्हणजे नुसती उभ्याने जोर-आजमाइश, चालते, मग बरोबरी. त्याच्या आधी सत्कार. सत्कारात फेटे, शाली, नारळ आणि भाषणं मिळून तास-दीड तास सहज जातो, पैलवान बिचारे अंग गार होऊ नये म्हणून जोर मारत बसतात. हा वेळ जेवणासाठी राखून ठेवा. खरी कुस्ती साडेचार ते सात या वेळात, दोन ते दहा नंबरच्या जोडींत होते. ती पोरं नाव कमवायला आलेली असतात.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर. मुंबईहून थेट जाणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीत पोहोचवते. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात ते आलं आणि १९१२ मध्ये ते उभं राहिलं. मधे खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही पैलवानाचा पाय दिसतो. आधुनिक स्टेडियम बांधणाऱ्यांनी इथे एक दिवस येऊन बसावं. मैदान नसेल त्या दिवशीही बाजूने फिरता येतं, आणि लागूनच खाऊगल्ली आहे. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली, तो घाव कोल्हापूरकर अजून बोलून दाखवतात.

तालीम बघायची असेल तर पहाटे पाचला गंगावेश किंवा मोतीबागेत जा. उशिरा गेलात तर पोरं आंघोळी आटोपून थंडाई घोटताना दिसतील. चपला बाहेर काढा, मारुतीला नमस्कार करा, वस्तादांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय अजिबात टाकू नका. ती माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून तयार केलेली असते. रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा किलोभर बदाम न्या, पैशाचं पाकीट नको. लढत चालू असताना बोलू नका, पण जोर-बैठकांच्या वेळी वस्ताद स्वतःहून गप्पा मारतात, आणि कुठल्या गावचं मैदान कधी आहे, कुठली जोड खरोखर लागणार आहे आणि कुठली नुसती पोस्टरवर आहे, ही माहिती तिथेच मिळते. बाहेर पडलात की गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध तुमच्यासमोर काढून पेल्यात देतात. पोट नाजूक असेल तर अर्धाच पेला घ्या, कारण पुढे सांगलीकडची एसटी लगेच मिळते आणि वाटेत थांबत नाही.