आर्डुइनो, दोन मोटर आणि काळी पट्टी : माझा अनुभव

मी आठवी-नववीला गणित आणि विज्ञान शिकवते. इलेक्ट्रॉनिक्स कधी शिकले नाही, प्रोग्रामिंग म्हणाल तर बीएस्सीला थोडं सी केलेलं तेवढंच. शाळेत रोबोटिक्सचं किट आलं, मुलांना शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ते घरी घेऊन बसले. ठरवलं की लाइन फॉलोअर करायचा, म्हणजे पांढऱ्या कागदावरच्या काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही माझ्यासारख्या शिक्षकांसाठी.

पहिलं सांगणं हेच की सगळे पार्ट एकदम जोडायला घेऊ नका. आकृती बघून वीस-पंचवीस वायरी लावल्या आणि गाडी हललीच नाही तर चूक सेन्सरची, वायरची, बॅटरीची की प्रोग्रामची हे कळायला मार्गच राहत नाही. एक पार्ट एकटा बोर्डला लावायचा, त्याच्यापुरता चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, तो काय करतो ते नीट बघायचं आणि मगच पुढचा. मी पूर्ण सुट्टी असंच केलं आणि शाळेतही आता असंच शिकवते.

बोर्ड म्हणजे आर्डुइनो ऊनो, आपला प्रोग्राम चालवणारा छोटा कॉम्प्युटरच. १४ डिजिटल पिना (चालू किंवा बंद एवढंच समजणाऱ्या), ६ ॲनालॉग (कमीजास्त व्होल्टेज मोजणाऱ्या), प्रोग्रामसाठी ३२ केबी जागा आणि रॅम फक्त २ केबी, मोबाइलमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही एवढी, पण गाडीला भरपूर झाली. प्रोग्रामचे दोन भाग, सेटअप एकदाच चालतो आणि लूप बोर्डला वीज आहे तोवर पुन्हापुन्हा. १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी चालू-बंद केला की हे कळतं, त्यावर जास्त वेळ घालवू नका. एकच अडचण येऊ शकते, स्वस्तातले क्लोन (नकल केलेले) बोर्ड कधीकधी कॉम्प्युटरला दिसतच नाहीत, तेव्हा कॉम्प्युटरवर त्यांच्या यूएसबी चिपचं, सीएच३४० चं, ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकून बघा.

मला सगळ्यात आवडलेला भाग अल्ट्रासॉनिक सेन्सर, एचसी-एसआर०४, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा. लाइन फॉलोअरला तो लागत नाही तरी मी आधी तोच घेतला कारण त्यात आठवीचं गणित आहे. ट्रिग पिनवर १० मायक्रोसेकंदांचा पल्स दिला की तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते एको पिन सांगते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे २९ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन ५८. म्हणजे आलेल्या आकड्याला ५८ ने भागा, झालं अंतर! सिरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेले आकडे दाखवणारी कॉम्प्युटरवरची खिडकी) आकडे पळताना बघून आणि समोर फूटपट्टी धरून मुलं स्वतः पडताळणी करतात, आणि दोनने का भागायचं हे मला एकदाही फळ्यावर सांगावं लागलं नाही.

मग मोटर. पिवळ्या गिअरबॉक्सच्या बीओ मोटर दुकानात सहज मिळतात. त्या थेट बोर्डच्या पिनला लावायच्या नाहीत, पिन आरामात २० मिलीअँपिअर देते आणि मोटर अडली तर तिला त्याच्या कितीतरी पट करंट लागतो, पिन जळू शकते. म्हणून मध्ये एल२९८एन ड्रायव्हर, बोर्डच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट मोटरला देणारं सर्किट. धरणाचा दरवाजा उघडायला बटण दाबतो तसं, बटणातून पाणी वाहत नाही, ते फक्त हुकूम देतं. ड्रायव्हरच्या आयएन१ पिनला हाय (चालू) आणि आयएन२ ला लो (बंद) केलं की चाक एका दिशेला, उलट केलं की दुसऱ्या. वेग कमीजास्त करायला ड्रायव्हरच्या ईएनए-ईएनबी पिनांवरचे छोटे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या टोप्या) काढून तिथे बोर्डच्या पीडब्ल्यूएम पिना जोडायच्या, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून सरासरी कमीजास्त करणाऱ्या, आणि ० ते २५५ मधला आकडा द्यायचा.

इथे दोन गोष्टी अगदी जपा. ड्रायव्हर स्वतःच दीडेक-दोन व्होल्ट खातो त्यामुळे चार पेन्सिल सेलवर गाडी रेंगाळते, आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरला पुरेसा करंट देत नाही, दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे लिथियम सेल) होल्डरमध्ये बसवले की फरक दिसतो. दुसरं म्हणजे बॅटरी, ड्रायव्हर आणि बोर्ड यांचे ग्राउंड (ऋण टोकं, जीएनडी) एकत्र जोडलेले हवेत, नाहीतर वायरी बरोबर दिसतात, प्रोग्रामही बरोबर आणि मोटर ढिम्म.

पट्टी ओळखणारा आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर सोपा वाटतो पण वेळ त्यालाच लागला. तो खाली न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. पांढऱ्यावरून प्रकाश परत येतो, काळ्यात शोषला जातो, माझ्या मॉड्यूलमध्ये काळ्यावर हाय येतं. पण उन्हातही इन्फ्रारेड असतं त्यामुळे खिडकीपाशी एक उत्तर आणि कोपऱ्यात दुसरं. सेन्सरवरचा निळा स्क्रू जिथे गाडी चालवणार त्याच जागी फिरवून सेट करा, आणि सेन्सर कागदापासून सेंटिमीटरभरच वर ठेवा.

प्रोग्राम मग अगदी थोडा उरतो. पट्टी दोन सेन्सरच्या मधे, दोन्ही पांढरं बघतायत तर सरळ, डावा काळ्यावर गेला तर डावीकडे, उजवा गेला तर उजवीकडे, दोन्ही काळं तर थांब. सरळ, डावीकडे, उजवीकडे यांची वेगवेगळी फंक्शन करा म्हणजे लूप वाचताना गोष्ट वाचल्यासारखं समजतं. आणि वळताना डिले (ठरावीक वेळ थांबण्याची आज्ञा) टाकू नका, डिले चालू असेपर्यंत बोर्ड सेन्सर वाचतच नाही, तेवढ्यात गाडी पट्टी सोडून जाते. एका मुलाने विचारलं, मॅडम म्हणजे तेवढा वेळ गाडी डोळे मिटून चालते का? हो, अगदी तसंच.

सारख्या दिसणाऱ्या दोन मोटर एकाच आकड्यावर सारख्या फिरतीलच असं नाही. आमच्या गाडीला डावीकडे १५० तर उजवीकडे १६२ द्यावे लागतात, हे आकडे मुलांनी स्वतः बदलून-बदलून शोधलेत.

आता नववीला अल्ट्रासॉनिक सेन्सर सर्वोवर (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) बसवायचाय. सर्वोची लायब्ररी (तयार प्रोग्राम) घेतली की ऊनोच्या ९ आणि १० नंबरच्या पिनांवर पीडब्ल्यूएम चालत नाही, म्हणून ईएनए-ईएनबी पहिल्यापासूनच ५ आणि ६ वर जोडा, नंतर सगळं उकलत बसावं लागणार नाही.