लक्ष्मी तलावाचा तळ

आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या रंकाळा तलावात पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. संध्यामठाच्या दगडावर उभं राहून पोरं पाण्यात नाणं टाकायची आणि बुडी मारून ते वर आणायची, आणि आबा प्रत्येक वेळी सांगतात की नाणं वरनं दिसायचं. मी हे लहानपणापासनं ऐकत आलोय, पण ते चित्र माझ्या डोळ्यासमोर कधी उभंच राहिलं नाही. माझ्या आठवणीतला रंकाळा हिरवा आहे, केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं झाकलेला, भेळ खाताना वारा फिरला की वास येणारा. माझं त्याच्यावर प्रेम आहे, शेवटी आमचाच आहे तो, पण त्याचा तळ मी कधी बघितलेला नाही.

म्हणून जानेवारीत एका रविवारी ठरवलं की आबांना आणि माझ्या पोरीला राधानगरीला घेऊन जायचं, लक्ष्मी तलावावर. पुढं जमलं तर दाजीपूरचं जंगल, गवे बिवे. आईनं भाकरी, झुणका, खर्डा बांधून दिला आणि भडंगाची मोठी पिशवी, आणि सकाळी सहाला आम्ही रंकाळ्याच्या कडेनंच बाहेर पडलो.

कोल्हापूर ते राधानगरी पन्नासएक किलोमीटर, म्हणजे लांब काहीच नाही, पण हंगाम चालू असल्यामुळं रस्त्यात नुसत्या उसाच्या ट्रॉल्या. हळदी गेलं, परिते गेलं, मध्येच गुऱ्हाळाचा वास गाडीत भरला आणि पोरगी झोपेतनं उठून म्हणाली भूक लागली. राधानगरीच्या अलीकडं डोंगर जवळ यायला लागतात, ऊस कमी होतो, हवेत गारवा येतो, आणि धरण मागं टाकून दाजीपूरच्या रस्त्याला लागलं की झाडीतनं पाणी दिसायला लागतं. आधी तुकड्या तुकड्यानं. मग एका वळणावर एकदम सगळं.

आबा म्हणाले, "थांबीव गाडी."

जिथनं गावातली माणसं गुरं पाण्यावर नेतात अशी एक पायवाट होती, तिथनं हळूहळू खाली उतरलो, आबांचा हात धरून. आणि काठावर गेल्यावर मी पहिल्यांदा जे बघितलं ते पाणी नव्हतंच, ती सावली होती. एक पिकलेलं पान काठाजवळ तरंगत होतं आणि त्याची सावली त्याच्यापासनं हातभर बाजूला, खाली तळावर पडलेली, तांबड्या खड्यांवर. पान हललं की सावली हलायची. मधलं पाणी जणू नव्हतंच. पाण्यावर पळणारा एक बारका किडा होता, त्याचे पाय काडीएवढे, पण प्रत्येक पायाखाली पाणी जरासं दबत होतं आणि त्या खळीची गोल गोल सावली तळावर पडत होती, कडेला उजेडाची रेघ असलेली. पोरगी उकिडवी बसून ती सावलीच बघत बसली, किड्याकडं बघेचना. मी बूट काढून पाय आत टाकले. गार इतकं की पोटरीपर्यंत कळ गेली. पण गुडघाभर पाण्यात उभं राहून मला माझ्या पायाची नखं मोजता येत होती, आणि दोन मिनिटं हललो नाही तर बोटाएवढे मासे येऊन टाचेला चोच मारायला लागले.

वर बघितलं तर समोरचा अख्खा डोंगर पाण्यात उलटा. काठाशी पाण्याला रंगच नाही, पुढं हिरवट, आणि मध्ये खोल आहे तिथं निळं. एक पाणकावळा बुडकांडी मारून कुठंतरी भलतीकडंच वर आला. आवाज म्हणाल तर काही नाही, मागं रस्त्यावरनं एखादी एसटी गेली तर तेवढीच.

आता कुणी म्हणेल हा तलाव नैसर्गिक कुठाय, धरणाचं पाणी आहे. बरोबर आहे. भोगावती अडवून शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं, तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मीबाईंचं नाव दिलं, आणि राधानगरी हे नाव लेकीच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या नावावरनं. महाराज १९२२ ला गेले, काम पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. दर पावसाळ्यात आपण बातमी वाचतो ना, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, ते हेच सात दरवाजे. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि एकेका दरवाजातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं. अख्ख्या जिल्ह्याला हा आकडा पाठ आहे, कारण इथं दार उघडलं की तिकडं पंचगंगेकाठची माणसं गुरं सोडायची का ते ठरवतात. तर पाणी अडवलं माणसानं, हे खरं. पण ते निवळ ठेवलंय जंगलानं.

हे मला तिथं उभं राहून पटलं. लहानपणी पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आई कळशीत तुरटी फिरवायची आणि म्हणायची हात लावू नका, निवळू द्या. निवळायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे पाणी स्वस्थ राहू द्यायचं आणि दुसरं म्हणजे वरनं नवीन घाण येऊ द्यायची नाही. इथं चार महिने पाऊस कोसळतो, तेव्हा हा तलावसुद्धा तांबडा होतो, पण वरच्या डोंगरावर माती उघडी नाहीये. झाडीत पाचोळ्याचा थरावर थर, त्याच्यावर पाऊस पडतो, मुरतो, झिरपत झिरपत ओढ्याला येतो, आणि मातीला मुळांनी धरून ठेवलेलं असतं. पाऊस संपला की दोन-तीन महिन्यांत राहिलेला गाळ तळाला बसतो. वरच्या बाजूला शहर नाही, कारखाना नाही, शेती आहे ती थोडकी. त्यामुळं सांडपाणी, साबण, खत यातनं जे नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात येतं ते इथं फारसं नाही, आणि ते नाही म्हणून शेवाळाला आणि केंदाळाला खायलाच काही नाही. रंकाळ्यात केंदाळ काढून काढून माणसं दमली तरी ते परत येतं त्याचं कारण हेच, वरनं काढलं तरी खालचं जेवण चालूच आहे.

आणि हे जंगल राहिलंय तेही आपोआप नाही. संस्थानच्या काळात ही शिकारीची राखीव रानं होती, मग १९५८ ला दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. आता राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे, आणि २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं. मी आजपर्यंत अभयारण्य म्हटलं की फक्त गवा डोक्यात आणायचो. गव्यासाठी जे रान राखलं त्याच रानानं हे पाणी राखलंय, हे कधी सुचलंच नव्हतं.

गवा काही दिसला नाही. पण काठाच्या ओल्या मातीत खुरं उमटलेली होती, गाईम्हशीपेक्षा मोठी. गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, "गवाच की. रातच्याला येतोय पाण्यावर." पोरीनं आपला तळवा त्या खुरात ठेवून बघितला, सगळा आत मावला. त्यांनीच आम्हाला बजावलं, "काठावरच बसा, फुडं एकदम खोल हाय, दिसतंय तळ म्हणून उथळ समजू नगा." हे तिथं जाणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवा. स्वच्छ पाण्यात खोलीचा अंदाज चुकतो, तळ आहे त्याच्यापेक्षा जवळ दिसतो.

जेवण तिथंच वर झाडाखाली केलं, कागद बिगद सगळं पिशवीत परत भरलं. दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं काठावर आधीच कुणी टाकलेली होती, तीही उचलली. राग आला मला, खूप राग आला.

दाजीपूर राहिलंच. आबा उठायलाच तयार नव्हते. दुपारी उन्हाची तिरीप पाण्यात खोल गेली आणि तळावर उजेडाची जाळी हलायला लागली, तसं त्यांनी खिशातनं नाणं काढलं. मला वाटलं टाकणार. पण नाही टाकलं, मुठीतच ठेवलं, आणि पोरीला म्हणाले, "असंच होतं गं. अगदी असंच."

येताना पोरीनं एकच लावून धरलं, हे पाणी पुढं कुठं जातं ते दाखवा. म्हणून हळदीच्या बंधाऱ्यावर थांबलो. हा के. टी. वेअर, आणि त्यातलं के. टी. म्हणजे कोल्हापूर टाइप, हे तिला सांगितलं तर तिला त्याचं भारी वाटलं. मग ती पाणी अडवणाऱ्या फळ्यांपाशी वाकून बघायला लागली. पाणी हिरवट होतं, हात घातला तर मनगटापर्यंत दिसायचा, त्याच्या खाली नाही. "इथं तळ कुठाय?" मी म्हटलं आहे खाली.

पुढं भोगावतीला कुंभी, कासारी, तुळशी आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळतात आणि प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. आणि मग शहर. शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला, घाट, सगळं. आम्ही दिवेलागणीला पंचगंगा घाटावर पोचलो. देवळाच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडला होता, पण वरच्यावर, आत काही उतरत नव्हता. पोरगी शेवटच्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हे तेच पाणी?"

आबा हो म्हणाले. तिनं सवयीनं चप्पल काढली, पाय पुढं केला आणि तसाच मागं घेतला. आबा तिच्या शेजारी पायरीवर बसले, दुपारचं नाणं अजून त्यांच्या मुठीत होतं.