धान्याच्या डब्यातला स्पीकर

रत्नागिरी ते वेंगुर्ला पट्ट्यात स्पीकरला एमडीएफचं (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचं) खोकं करू नये. पाऊसभर हवेत ओल असते, कडा फुगतात, स्क्रूची पकड सुटते. धातूचं खोकं फुगत नाही, पण ते घुमतं, गंजतं आणि वायर टेकली तर शॉर्टही करतं. या तिन्हींवर उपाय करत स्टीलच्या डब्यात स्पीकर असा बसवायचा.

आकार गोलच घ्या. आतल्या हवेच्या दाबाने गोल भिंत सहसा हलत नाही. सपाट पत्रा मात्र थाळीसारखा वाजतो. भांड्यांच्या दुकानातला २० सेंमी व्यासाचा, २५ सेंमी उंच स्टीलचा धान्याचा डबा घ्या, मिळेल तितक्या जाड पत्र्याचा. आत साधारण ७.८५ लिटर जागा भरते. ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल भाग), लाकडी रिंग आणि डॅम्पिंग शीट (पत्र्याचं घुमणं मारणारी) मिळून लिटरभर जागा खातात, म्हणजे ६.८ लिटर उरते. ४ इंची ड्रायव्हरची व्हीएएस (त्याच्याइतकीच लवचिक असलेली हवा) १० लिटर, क्यूटीएस (त्याचं कंपन किती लवकर थांबतं याचा आकडा) ०.४५ आणि एफएस (मोकळा असताना तो ज्या स्वराला आपोआप घुमतो तो) ६० हर्ट्झ असेल, तर ०.७ क्यूटीसीच्या (खोक्यात बसवल्यावरचा तोच आकडा) बंद खोक्याला एवढीच जागा लागते. खालचा आवाज ९४ हर्ट्झच्या आसपास उतरू लागतो. याहून खोल बास हवा असेल तर डबा सोडा, वेगळा सबवूफर करा. ड्रायव्हर पॉलिप्रॉपिलीन कोन (पुढचा हलणारा शंकू) आणि रबरी कडेचा घ्या. फोमची कडा दमट हवेत कालांतराने भुगा होते.

ड्रायव्हर झाकणात नाही, डब्याच्या बुडात बसवायचा. झाकण मागे जातं, डबा आडवा ठेवायचा. बुडाच्या आतून १२ मिमी मरीन प्लायची १९ सेंमी व्यासाची रिंग लावा. तिच्या भोकाची मागची कड ४५ अंशात तासा, नाहीतर कोनची मागची हवा तिथेच कोंडते. ड्रायव्हर, पत्रा, रिंग असं सगळं एम४ बोल्टने एकत्र आवळलं की बूड घुमायचं थांबतं. प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी द्या.

स्टील कापताना घाई नडते. ड्रिल जोरात फिरवलं तर पत्रा घासून अधिकच कडक होतो आणि बिट जळतं. कोबाल्ट बिट, कमी वेग, सतत दाब, तेलाचा थेंब आणि खाली लाकडाचा आधार. ड्रायव्हर तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा. कापलेला स्टीलचा कीस थोडाफार चुंबकाला चिकटतो; तो मॅग्नेटच्या फटीत गेला की कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) कायमची खरखरते, आणि तो काढणं जवळजवळ अशक्य. डबा धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक आतून फिरवा.

आतून २ मिमीची, अॅल्युमिनियम फॉइलवाली ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट चिकटवा. आधी थिनरने तेलकटपणा पुसा, नाहीतर वैशाखाच्या उन्हात ती सोलून येते. रोलरने दाबून बसवा. बोटाने टकटक केल्यावर ‘टण्ण’ऐवजी ‘ठक’ आला की पुरे. झाकणाला शीटवर फरशीचा तुकडाही चिकटवा. डब्याच्या लांबीत ६९० हर्ट्झला हवा घुमते, त्यासाठी उशीतला पॉलिस्टर कापूस सैलसर भरा, कोंबू नका.

फटी बुजवायला सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्याने तांब्याची टर्मिनलं (तारा जोडायचे खुंटे) खराब होतात. झाकणाच्या कडेला बारीक फोम टेप आणि चार स्क्रू बास. खोकं बंद करायचं काम आगोटीआधी, कोरड्या दिवशी उरका.

टर्मिनल प्लॅस्टिकच्या बुशात (भोकात बसणाऱ्या नळीत) बसवा. टीपीए३११६ सारख्या चिपच्या अॅम्प्लिफायरच्या दोन्ही आउटपुट तारांवर व्होल्टेज असतं, कोणतीच तार ‘ग्राउंड’ नसते. स्टिरिओसाठी केलेल्या दोन्ही डब्यांत एकेक तार पत्र्याला टेकलेली असेल आणि डबे एकमेकांना लागले, की शॉर्ट. मीटर लावून तार आणि डबा यांच्यात जोड नाही ना, हे बघूनच वीज द्या.

खाऱ्या वाऱ्यात ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही तपकिरी डाग पडतात. महिन्याला गोड्या पाण्याने पुसा. शेवटी फोनवरून ५० ते ५०० हर्ट्झचा स्वर हळूहळू चढवत न्या. एखाद्या जागी भुणभुण आली तर आधी झाकणाचे स्क्रू बघा, मग ड्रायव्हरची गॅस्केट (हवा अडवणारी कडेची पट्टी).