रिसिव्हर उचलला की नेट चालतं

फोन वाजला की नेट बंद पडतं, ही तक्रार मी टेलिफोनच्या लाइन दुरुस्त करताना शेकडो वेळा ऐकली आहे. बहुतेकदा स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) उलटा लावलेला असतो, नाहीतर आतल्या खोलीतला जादा फोन फिल्टरशिवाय जोडलेला. त्या दिवशीचे काका मात्र म्हणाले, "रिसिव्हर उचलून थोडा वेळ बाजूला ठेवला की नेट चालतं, नाहीतर सारखं तुटतं."

मी मनात हसलोच. आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत, एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड, २५ किलोहर्ट्झच्या वर. स्प्लिटर दोघांना वेगळं ठेवतो. फोन उचलल्याने नेटचं भलं कसं होणार? स्प्लिटर तपासला, बरोबर होता. मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटात हरवण्याआधी उरलेली मोकळीक) ४ डेसिबल, तेही डळमळीत. किमान ६ तरी हवं. काकांनी रिसिव्हर उचलला आणि आकडा ११ वर गेला. ठेवला, काही वेळाने पुन्हा घसरला.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. रिसिव्हर खाली असताना फोनच्या दोन तारांच्या जोडीवर ४८ व्होल्ट असतात, पण डीसी करंट जवळपास नसतोच. उचलला की २०-३० मिलिअँपिअर वाहतो. गंजलेल्या जॉइंटवरचा ऑक्साइडचा पातळ थर तेवढ्याने फुटतो आणि तांबं तांब्याला भिडतं. काकांना न कळता ते जॉइंटची दुरुस्तीच करत होते, तासाभरापुरती!

एक्स्चेंजमधल्या सहकाऱ्याला एमडीएफवर (बाहेरच्या सगळ्या जोड्या जिथे येतात ती चौकट) जंपर, म्हणजे यंत्रणेला जोडणारी तार, काढून जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना शॉर्ट करायला सांगितलं. अर्धा मिलिमीटरची तार, अंतर दोन किलोमीटर, म्हणजे लूप (जाऊन-येऊन तारेचा एकूण रोध) ३४० ओहमच्या आसपास हवा. इकडे घरी माझा मीटर ६०० दाखवत होता आणि ड्रॉप वायर (बाहेरून घरात येणारी तार) हलवली की उड्या मारत होता. म्हणजे दोष घराजवळच. रोझेटच्या (फोन जोडायच्या भिंतीवरच्या डबीच्या) मागे भिंतीत हाताने पिळलेला, काळ्या टेपने गुंडाळलेला जॉइंट सापडला. टेप सोडली तर आत तांबं हिरवं. असे जॉइंट करणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. फोनवर नुसती खरखर येते म्हणून वर्षानुवर्षं चालून जातं, ब्रॉडबँड आल्यावर पितळ उघडं पडतं.

गंजलेला भाग कापला, जेली भरलेले कनेक्टर दाबले. जंपर परत लावून घेतला. मार्जिन १३, स्थिर. खात्रीसाठी माझ्या मोबाइलवरून त्यांना रिंग दिली. डीएसएलचा दिवा लुकलुकला नाही.

काकांनी विचारलं, "मग आता रिसिव्हर उचलायचा नाही?"

"बोलायचं असेल तर उचला," मी म्हणालो.