सिल्व्हराडोसाठी ऑइल ड्रेन व्हॉल्व्ह निवडताना: माझा अनुभव

माझ्याकडे २०१६ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० ही पिकअप गाडी आहे, ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. अमेरिकेतल्या ओहायोत तिचे ऑइल मी घरीच बदलतो आणि या कामातला सर्वांत नकोसा भाग म्हणजे इंजिनाखालच्या ऑइल पॅनचा ड्रेन बोल्ट सोडवणे. शेवटचा एखादा आटा उरला की गरम ऑइल मनगटावर उतरते, बोल्ट हातून निसटून ट्रेमध्ये पडतो आणि आडव्या भोकातून सुटलेली पहिली धार ट्रेच्या पलीकडे जाते. त्या बोल्टच्या जागी कायमचा बसवायचा आणि तोटीसारखा उघडून ऑइल सोडायचा तो ड्रेन व्हॉल्व्ह. तरीही केवळ हात काळे होतात म्हणून मी व्हॉल्व्ह शोधायला निघालो नाही. खरी काळजी आट्यांची होती. या इंजिनाचा पॅन ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादी आहे. मऊ धातूतले आटे प्रत्येक वेळी थोडे घासले जातात आणि कोणी जोर लावून पिळले तर एकदमच जातात. कंपनीने या बोल्टसाठी फक्त २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सांगितला आहे. एकदा घाईत गाडी बाहेरच्या एका दुकानात ऑइल बदलायला दिली, तर तिथे बोल्ट इतका आवळला गेला की पुढच्या वेळी तो सोडवायला मला पान्याला पाइप जोडावा लागला. आटे सुदैवाने शाबूत होते. ते गेले असते, तर व्हॉल्व्ह हा त्यावरचा उपाय नव्हता, कारण व्हॉल्व्हही त्याच आट्यांवर बसतो. तेव्हा भोकात नवे आटे असलेली धातूची पुंगळी बसवावी लागते किंवा पॅनच बदलावा लागतो.

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. पहिला लिव्हरचा: पितळी अंगात भोक असलेला एक गोळा असतो आणि लिव्हर पाव फेरा फिरवली की गोळ्याचे भोक वाटेच्या रेषेत येऊन ऑइल वाहू लागते. जपानच्या फुमोटोचे व्हॉल्व्ह या जातीचे. दुसऱ्या प्रकारात आत स्प्रिंगने दाबलेली झडप असते आणि नळीचे जोडणी-टोक वर बसवल्याशिवाय ती उघडतच नाही; एरवी त्यावर झाकण असते. अमेरिकेतला व्हॅल्व्होमॅक्स आणि जर्मनीचा स्टालबुस हे त्यातले. लिव्हर चुकून उघडली तर काय, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. मीही विचारला. व्हॉल्व्ह हातात घेतल्यावर मात्र ती भीती बरीच ओसरली, कारण लिव्हर एका खाचेत बसलेली असते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध तिला उचलल्याशिवाय ती वळत नाही. खड्ड्यातल्या हादऱ्याने या दोन्ही हालचाली एकामागोमाग होणे अवघड आहे. वर अडकवायची क्लिपही वेगळी मिळते. दगडगोट्यांच्या वाटेने नेहमी जाणाऱ्याने मात्र एवढ्यावर समाधान मानू नये, असे मला वाटते. तिथे बुटका आणि झाकणाचा व्हॉल्व्हच शहाणपणाचा.

कोणती कंपनी, याआधी कोणते आटे, हे ठरवावे लागते. माझ्या इंजिनाला एम १२ × १.७५ लागतो, म्हणजे १२ मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांमध्ये १.७५ मिलिमीटर अंतर. त्याच १२ मिलिमीटरमध्ये १.२५ आणि १.५ अंतराचे व्हॉल्व्हही मिळतात. ते एखाद्या फेऱ्यापर्यंत गोडीगुलाबीने जातात आणि मग पॅनचे आटे कापत जातात. म्हणून केवळ गाडीचे नाव पाहून मागवू नये. जुना बोल्ट काढून आटे मोजण्याच्या पट्टीने तपासले की शंका उरत नाही. एका स्नेह्यांची २०१८ नंतरची फोर्ड एफ-१५० आहे, ५.० लिटर इंजिनाची. तिचा ऑइल पॅन प्लास्टिकचा आणि बोल्टऐवजी असलेला प्लगही पाव फेऱ्यात निघणारा, त्यामुळे आट्यांवर बसणारा कोणताही व्हॉल्व्ह तिच्या उपयोगाचा नाही. त्यांनी माझे पाहून मागवलेला व्हॉल्व्ह परत पाठवावा लागला.

त्यानंतरची पायरी म्हणजे गाडीखाली जाऊन जागा पाहणे. प्लग, म्हणजे ड्रेन बोल्ट, सरळ खाली तोंड करून असेल, तर व्हॉल्व्ह पॅनच्या खाली लोंबतो आणि रस्त्यावरच्या वस्तूंचा पहिला फटका त्यालाच बसतो. माझा प्लग बाजूला, आडवा असल्याने ती चिंता नव्हती, पण दुसरी होती. व्हॉल्व्ह आट्यांत फिरवताना लिव्हरही त्याच्याबरोबर गोल फिरते आणि त्या वर्तुळात पॅनची भिंत आली, तर तो शेवटपर्यंत आवळताच येत नाही. जुन्या पुठ्ठ्याची लिव्हरएवढी पट्टी कापून मी ती भोकाभोवती फिरवून पाहिली. जागा पुरेशी होती. नसती, तर व्हॉल्व्ह थोडा बाहेर आणणारा जोडतुकडा लागला असता आणि गळतीची आणखी एक जागा तयार झाली असती.

आडव्या प्लगची एक गोम मात्र आहे. व्हॉल्व्हच्या आतली वाट मूळ भोकापेक्षा अरुंद असते, त्यामुळे त्या वाटेची खालची कड पॅनच्या भोकाच्या कडेपेक्षा दोनेक मिलिमीटर वर येते आणि तेवढ्या थराचे ऑइल आतच राहते. पॅनचा तळ ३० बाय २५ सेंटिमीटर धरला, तर हे साधारण १५० मिलिलिटर होते. या इंजिनात फिल्टरसह ८ क्वार्ट, म्हणजे सुमारे ७.६ लिटर ऑइल असते. त्या मानाने हा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. इंजिनाच्या आतल्या खोबणींतही बोल्ट काढल्यावर थोडे ऑइल राहतेच, म्हणून मी हे चालवून घेतले.

अखेर निवड झाली ती या ८ क्वार्टमुळेच. इकडे ऑइल ५ क्वार्टच्या कॅनमध्ये मिळते आणि रिकाम्या कॅनमध्येच जुने ऑइल भरून सुट्या भागांच्या दुकानात नेऊन दिले की ते बहुधा विनामूल्य घेतात. म्हणजे एक कॅन भरला की धार थांबवून नळी दुसऱ्या कॅनमध्ये घालावी लागते. लिव्हरच्या व्हॉल्व्हमध्ये हे पाव फेऱ्याचे काम आहे. झडपेच्या व्हॉल्व्हमध्ये मधेच थांबवायचे तर जोडणीच सैल करावी लागते. मी आखूड निपलचा, म्हणजे नळी चढवायच्या आखूड टोकाचा, लिव्हरवाला व्हॉल्व्ह घेतला, कारण निपलशिवाय नळी लावता येत नाही आणि लांब निपल उगाच बाहेर येतो.

वॉरंटीची शंका असणाऱ्यांसाठी: १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून वाहन कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला, हे कंपनीने दाखवावे लागते. व्हॉल्व्हमधून ऑइल गळून इंजिन बसले, तर मात्र हा कायदा आपल्या मदतीला येणार नाही, हेही तितकेच खरे.

बसवताना भोकाभोवतीची सपाट कड कापडाने स्वच्छ पुसली, सोबत आलेला वॉशर लावला आणि आटे हातानेच शेवटपर्यंत फिरवून मग पान्याने बेताने आवळले. टेफ्लॉन पट्टी लावली नाही, कारण गळती थांबवण्याचे काम वॉशरचे आहे. इंजिन गरम करून कोरडा कागद खालून फिरवला आणि काही दिवसांच्या वापरानंतर तीच तपासणी पुन्हा केली. ऑइल ओघळायला आता पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो, आणि फिल्टर खालूनच काढावा लागत असल्याने गाडीखाली जाणे काही टळत नाही. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ लिव्हरच्या खाचेत चिखलासह साचते. पितळ गंजत नाही, पण स्प्रिंग अडखळू नये म्हणून वसंत ऋतूत ब्रशने ती खाच साफ करतो. मूळ बोल्ट, त्यावरच्या शाबूत सीलसह, गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला आहे. गाडी कधी बाहेर ऑइल बदलायला द्यावी लागली, तर व्हॉल्व्हला पाना लावायचा नाही, फक्त लिव्हर उघडायची, अशी चिठ्ठी ऑइल भरायच्या झाकणाला बांधतो.