खारघरचा पत्ता आणि लेकीचे दिव्यांग प्रमाणपत्र

माझ्या मुलीला चार वर्षांची असताना पक्षाघात झाला. हे वाक्य मला प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगावे लागते, कारण एवढ्या लहान मुलांना लकवा होतो यावर लोकांचा चटकन विश्वास बसत नाही. त्या सकाळी तिच्या डाव्या हातातून दुधाचा पेला सुटला, तो उचलायला हात उठेना आणि रडताना तोंड उजवीकडे ओढले गेले. शेजारच्या काकूंना गार वारा लागला असे वाटले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र तिला पाहताच वाशीला न्यायला सांगितले, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसली. चार महिन्यांपूर्वी तिला कांजिण्या आल्या होत्या. त्या विषाणूमुळे काही मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना पुढील काही महिन्यांत सूज येते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. अ‍ॅस्पिरिन सुरू झाले आणि अकराव्या दिवशी आम्ही कोपरखैरण्याला घरी आलो. खासगी फिजिओथेरपीचा खर्च दोन महिन्यांतच झेपेनासा झाला, म्हणून ठाण्यातील एका सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून तिथे उपचार सुरू केले.

मला मुख्यतः लिहायचे आहे ते दिव्यांग प्रमाणपत्राविषयी.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या संकेतस्थळावर) भरायचा असतो. मी तो एका रात्री मुलगी झोपल्यावर भरला, आधार क्रमांक घातला, कागद जोडले आणि पावती छापून घेतली. ठरलेल्या वारी सकाळी आठ वाजता आम्ही तिघे ठाण्याच्या त्याच रुग्णालयात रांगेत उभे राहिलो. तिच्या पायात स्प्लिंट (पायाला आधार देणारी पट्टी) होता आणि फार वेळ उभे राहणे तिला जमत नव्हते. एक वाजता खिडकीवर उत्तर मिळाले की हा अर्ज आमच्या संगणकावर दिसत नाही. मुलीचे निळे बाल आधार आम्ही खारघरला राहत असताना काढलेले होते. खारघर नवी मुंबईचा भाग म्हणून ओळखले जात असले तरी ते रायगड जिल्ह्यात येते आणि कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात. पत्त्याच्या जिल्ह्यानुसार आमचा अर्ज रायगडला गेला होता. ‘अलिबागला जा,’ एवढेच सांगून खिडकीवरच्या माणसाने पुढचा कागद ओढला.

घरी येऊन मी ठाण्यासाठी नवा अर्ज भरू लागले, तर या आधारवर आधीच नोंदणी आहे असा संदेश आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हा संबंधित अधिकारी रजेवर होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते भेटले आणि त्यांनीही अलिबागच सांगितले. जिच्यावर याच इमारतीत, दोन मजले वर, आठवड्यातून तीनदा उपचार होत होते, तिला तपासणीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्यामागचे कारण मला कोणीही सांगू शकले नाही. त्या दिवशी जिन्यात बसून मी रडले. मुलगी आपल्या उजव्या हाताने माझे डोळे पुसत होती आणि डावा हात मांडीवर तसाच पडलेला होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मार्ग सापडला तो नियमातच. दिव्यांग व्यक्ती हक्क नियम, २०१७ यांतील सतराव्या नियमानुसार अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा त्या दिव्यांगत्वासाठी ज्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू आहेत वा झालेले आहेत तिथेही करता येतो. मी तो नियम छापला, केसपेपरची प्रत जोडली, साध्या कागदावर विनंती अर्ज लिहिला आणि तो खिडकीवर न देता आवक-जावक कक्षात देऊन माझ्या प्रतीवर शिक्का घेतला. शिक्क्याची प्रत हातात असली की बोलणे बदलते. नऊ दिवसांनी अर्ज ठाण्याच्या यादीत दिसू लागला.

प्रत्यक्ष तपासणी वीस मिनिटांत झाली. ४५ टक्के दिव्यांगत्व आणि दोन वर्षांसाठी तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले. मूल वाढत असते आणि सुधारतही असते, त्यामुळे मुदतीचे प्रमाणपत्र मला योग्यच वाटले. चाळीस टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक सवलती आणि प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीतील पालकांना मिळणारी ७५,००० रुपयांची वजावट तिथून सुरू होते. तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयच्या अहवालासोबत फिल्मही न्यावी. आमच्याकडे फक्त अहवाल होता आणि यांना घरी धावावे लागले. मूल दमल्यावर कसे चालते याचा मोबाइलवरचा व्हिडिओही दाखवावा, कारण तपासणीच्या खोलीत ते घाबरून वेगळेच वागते.

घरी आम्ही रोज तासभर तिच्या उजव्या हातात मोजा घालून डाव्या हाताने मटार सोलायला आणि कणकेचे गोळे करायला लावतो. सुरुवातीला ती चिडायची, मोजा दाताने ओढायची. आता ती स्वतः मोजा आणून देते. अ‍ॅस्पिरिन सुरू असताना फ्लू किंवा कांजिण्यांसारखा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, हे मी फ्रिजवर लिहून ठेवले आहे आणि तिच्या बालवाडीतही लिहून दिले आहे. वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र (दिव्यांगांसाठीचे शिक्षण व प्रशिक्षण केंद्र) आहे, तिथे चौकशी करायला मी फार उशिरा गेले. कोपरखैरण्याजवळच्या पालकांनी तसे करू नये.

अर्ज भरण्याआधी मुलाच्या आधारवरचा पत्ता पाहा, हे खरे तर सगळ्यांत आधी लिहायला हवे होते. तिला आता पाच वर्षे पूर्ण झाली आहेत, म्हणून बोटांचे ठसे द्यायला आम्ही गेल्या महिन्यात आधार केंद्रात गेलो आणि त्याच वेळी पत्ताही बदलून घेतला. डाव्या हाताची बोटे यंत्रावर सरळ ठेवायला तिला बराच वेळ लागला. तिथल्या ताईंनी घाई केली नाही, आणि चौथ्या प्रयत्नात चारही बोटांचे ठसे उमटले.