प्रमुखपद चालून आले आहे, स्वीकारू का?

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेचा फोन आला. एका स्वतंत्र शाळेने तिला प्रमुखपद देऊ केले होते आणि ते स्वीकारावे की नाही, हे तिला ठरवायचे होते. मी तासभर बोललो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आले, की सांगण्यासारखे बरेचसे राहूनच गेले. अशा खुर्चीत अकरा वर्षे काढलेल्या माणसाने निदान ते लिहून तरी ठेवावे.

स्वतंत्र शाळा म्हणजे शासकीय अनुदानाऐवजी शुल्क, देणग्या आणि ठेवींवरील व्याज यांवर चालणारी, स्वतःच्या विश्वस्त मंडळाला जबाबदार असलेली शाळा. कोणते विषय कसे शिकवायचे, कोणाला नेमायचे, वर्गात किती मुले घ्यायची, हे बऱ्याच अंशी शाळेलाच ठरवता येते. बाहेरून पाहणाऱ्याला हे स्वातंत्र्य चटकन दिसते. त्याचा हिशेब मात्र प्रमुखाच्या मेजावर आल्याखेरीज कळत नाही. 30 मुलांच्या वर्गात 4 जागा रिकाम्या राहिल्या, तर त्या वर्गाचे शुल्काचे उत्पन्न 13 टक्क्यांहून अधिक घटते, पण शिक्षकांचे पगार, वीज आणि इमारतीची देखभाल यांचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. खर्चातला सर्वांत मोठा वाटा पगारांचा असल्याने काटकसर कोठे करायची, हा प्रश्न शेवटी माणसांपाशी येऊन थांबतो. शुल्कसवलतीचेही तसेच आहे. तिच्यासाठी वेगळा निधी नसेल, तर एका मुलाला दिलेली सवलत इतरांच्या शुल्कातूनच भरून निघते, आणि हे ठाऊक असूनही समोर बसलेल्या पालकांना नकार देताना शब्द सापडत नाहीत. पहिल्या वर्षी मी अंदाजपत्रक लेखापालावर सोपवून अध्यापनाकडे लक्ष दिले आणि त्याला शिक्षणनिष्ठा समजलो. तो निव्वळ भित्रेपणा होता.

विश्वस्त मंडळाविषयी मात्र मी तिला सविस्तर सांगितले. मंडळाने धोरण ठरवावे आणि प्रमुखाने शाळा चालवावी, ही विभागणी कागदावर स्वच्छ असते. प्रत्यक्षात एखाद्या विश्वस्ताची मुलगी त्याच शाळेत शिकत असते आणि तिची तुकडी बदलण्याविषयीचा फोन रात्री साडेनऊला येतो. ‘हे तुम्ही पालक म्हणून विचारता आहात की विश्वस्त म्हणून?’ एवढे एक वाक्य न चिडता आणि न घाबरता म्हणायला मला तीन वर्षे लागली. अध्यक्षांशी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी बोलणे आणि वाईट बातमी त्यांना इतर कोणाकडून कळण्याआधी स्वतः सांगणे, या दोन सवयींनी मला जितके तारले, तितके कोणत्याही अहवालाने तारले नाही.

या पदाचा विचार करताना मला इंग्लंडमधील अपिंगहॅम शाळेचे एडवर्ड थ्रिंग नेहमी आठवतात. 1853 ते 1887 अशी चौतीस वर्षे ते तेथे मुख्याध्यापक होते, आणि 1869 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मुख्याध्यापकांची परिषद सुरू झाली. पण मला महत्त्वाचे वाटते ते 1876 साल. गावात विषमज्वराची साथ होती, मुले दगावली होती, पालकांचा धीर सुटत होता आणि सांडपाण्याची व्यवस्था सुधारण्याची चिन्हे दिसत नव्हती. थ्रिंग यांनी शाळा बंद केली नाही. मुले, शिक्षक आणि सामानसुमान यांसह ती वेल्सच्या किनाऱ्यावरील बॉर्थ या गावी हलवली आणि वर्षभराहून अधिक काळ तेथेच चालवली. शाळेच्या इमारतींत त्यांनी आणि त्यांच्या सहशिक्षकांनी स्वतःचे पैसे घातलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. मला कधी शाळा हलवावी लागली नाही. तरीही ज्या दोन-तीन प्रसंगी सर्वांचे सल्ले घेऊन झाल्यावर खोलीत एकटाच उरलो, त्या प्रसंगी थ्रिंग यांची आठवण झाली. शिक्षक असताना शिक्षक-कक्षात मन मोकळे करता येते. प्रमुख आत आला, की तेथील बोलणे क्षणभर थांबते, आणि ही शांतता अंगवळणी पाडून घ्यावी लागते.

या पदापर्यंतची वाट बहुधा ओळखीचीच असते: शिक्षक, विभागप्रमुख, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक. काही जण मात्र आडवाटेने येतात. गिजुभाई बधेका वकिली सोडून 1916 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. अमेरिकेतील डीअरफील्ड अकादमीचे फ्रँक बॉयडन यांनाही वकीलच व्हायचे होते. 1902 मध्ये थोडे पैसे साठवण्यासाठी म्हणून ते त्या छोट्या शाळेत गेले आणि 1968 पर्यंत तिचे प्रमुख राहिले. ते आपले मेज बंद खोलीत न ठेवता मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवत. मी हा प्रयोग पंधरा दिवस केला. मुले खूश होती. माझा पत्रव्यवहार मात्र पार तुंबला. अखेर मी आठवीचा एक विषय स्वतःकडे ठेवला, आणि आठवड्यातील त्या चार तासिकांमुळेच शाळा मला अहवालांपलीकडे दिसत राहिली.

पगार शिक्षकापेक्षा अधिक असतो हे खरे, पण तासांच्या हिशेबाने पाहिले तर त्याचे फारसे कौतुक राहत नाही. माझी खरी कमाई नेमणुकांत होती. एका तरुण शिक्षकाचा वर्ग पहिल्या वर्षी अक्षरशः कोसळत असे आणि परिवीक्षाकाळ संपताना त्याला निरोप द्यावा, असाच सर्वांचा कल होता. मी त्याच्या वर्गात सलग सहा आठवडे मागच्या बाकावर बसलो. तो प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर देत असे. दोष एवढाच होता, पण तो जायला वर्ष लागले. आज नवे शिक्षक त्याच्या वर्गात मागे बसून शिकतात. ज्यांच्या बाबतीत माझा अंदाज चुकला अशीही माणसे आहेत, आणि त्यांना निरोप देतानाची संभाषणे मला आजही शब्दशः आठवतात.

माझ्यानंतर आलेल्या बाईंनी पहिल्याच सत्रात माझा एक आवडता नियम रद्द केला. पाचवीपर्यंत लेखी परीक्षा नको, हा तो नियम. त्यांनी मला आधी फोन केला, कारणे सांगितली आणि पालकांची व शिक्षकांची निरीक्षणेही पुढे ठेवली. मी दोन ठिकाणी हरकत घेतली. त्यांनी एक मान्य केली आणि दुसरी नम्रपणे बाजूला ठेवली. त्या रात्री मला वाईट वाटले. दोन वर्षांनी शाळेत गेलो, तेव्हा चौथीतल्या मुलांच्या उत्तरपत्रिका त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या, आणि त्यातली एक मी परत द्यायला विसरून घरी घेऊन आलो. ती अजून माझ्याच खणात आहे.